म्हशीच्या गावात मांजराची गाठ

कोल्हापुरात जनावरांचा डॉक्टर म्हटलं की आधी म्हैसच डोळ्यापुढे येते. १९६३ साली जिल्हा दूध संघ, म्हणजे आजचा 'गोकुळ', उभा राहिला आणि ते समीकरण आणखी पक्कं झालं. गंगावेशीच्या दूध कट्ट्याभोवती घुटमळणाऱ्या मांजराला औषधपाणी करायचं असतं, हे कुणाच्या मनातही नसे. त्या सवयीचा त्रास आजही होतो. म्हशीची कास सुजली की 'दगडी' म्हणणारा माणूस मांजरीच्या सडाजवळची गाठही दुधाचीच समजतो. मांजरीत अशा साधारण ८५ टक्के गाठी कर्करोगाच्या निघतात. सहा महिन्यांच्या आत नसबंदी केली, तर धोका ९१ टक्क्यांपर्यंत घटतो, असं २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं.

कर्करोगाची औषधं आली ती माणसांकडून. १९६३ मध्येच अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिन या औषधाला मान्यता मिळाली. ते निघतं सदाफुलीतून, आपल्या परड्यात बारमाही फुलते तिच्यातून. (पाला वाटून मांजराला पाजू नका, झाड विषारी आहे.) मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी आलेलं हे औषध पुढे मांजरांच्या लिम्फोमालाही, म्हणजे लसीका पेशींच्या कर्करोगालाही, लागू पडलं. पण उसनं सगळंच अंगी लागत नाही. माणसाला आणि कुत्र्याला चालणारं सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचं दुसरं औषध दिलं, तर मांजराच्या फुफ्फुसात पाणी भरतं आणि ते दगावतं.

१९६४ साली ग्लासगोच्या विल्यम जॅरेट यांनी एकाच घरातल्या अनेक मांजरांना झालेल्या लिम्फोमाचा माग काढला आणि त्यामागे विषाणू सापडला. तो लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून पसरतो. १९८५ मध्ये अमेरिकेत त्यावर लस निघाली. १९९१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या पशुवैद्यकांनी उलटंच काही टिपलं: लस टोचलेल्या जागी सार्कोमा, म्हणजे मांसल भागातल्या कर्करोगाच्या गाठी, वाढत होते. संशयाची सुई लशीतल्या अ‍ॅल्युमिनियमयुक्त घटकाकडे वळली. प्रमाण अगदी कमी, अंदाजे दहा हजारांत एक. तरी पद्धत बदलली. खांद्यांमधली जागा सोडून डॉक्टर मागच्या पायात, खाली टोचू लागले. गाठ आलीच तर पाय काढून मांजर वाचवता येतं.

टोचल्या जागची गाठ तीन महिन्यांनीही टिकली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढतच राहिली, तर तुकडा काढून तपासायचा. आणि रेबीजची लस? ती चुकवायची नाही. रात्री कुत्र्यांच्या टोळ्या फिरतात अशा आपल्या गल्ल्यांत तर नाहीच नाही.