आवाजाची नस, श्वासाची नस

म्हाताऱ्या लॅब्रेडॉरचं भुंकणं आधी घोगरं होतं. मग जिना चढून आल्यावर श्वास आत घेताना घशातून करवत चालवल्यासारखा आवाज येऊ लागतो. घरचे म्हणतात, वय झालं. उन्हाळ्याच्या दुपारी हाच कुत्रा गुदमरून कोसळू शकतो. दुखणं असतं स्वरयंत्राच्या नसेचं, आणि ती नस श्वासासाठी किती मोलाची आहे हे उमगायला फार काळ गेला.

दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन या वैद्याने किंचाळणाऱ्या डुकराच्या मानेतल्या दोन बारीक नसा दोऱ्याने आवळल्या. डुक्कर धडपडत राहिलं, आवाज मात्र बंद. दोरा सोडताच आवाज परत. ही नस गळ्याजवळून जाते, पण तिथे न थांबता छातीत उतरते. डावी महाधमनीला, उजवी पुढच्या उजव्या पायाच्या धमनीला वळसा घालते आणि श्वासनलिकेच्या कडेने वर येते. गर्भात हृदय मानेलगत असतं. ते खाली सरकताना नसेलाही ओढत नेतं, म्हणून हा फेरा. गेलनने तिला कप्पीवरच्या दोरीची उपमा दिली होती.

पुढे कित्येक शतकं ती आवाजाचीच नस राहिली. १८१२ मध्ये फ्रान्सच्या लगाल्वा या वैद्याने दाखवलं की ती कापली तर कोवळी पिल्लं गुदमरून मरतात. त्या मुक्या जिवांनी मोजलेली किंमत वाचताना आजही पोटात कालवतं. मग १८३८ मध्ये एडिंबरोच्या जॉन रीडने कामाची वाटणी पक्की केली: स्वरतंतू ताणणारा क्रायकोथायरॉइड तेवढा स्वरयंत्राच्या दुसऱ्या, वरच्या नसेकडे, बाकी सगळे स्नायू या परतणाऱ्या नसेकडे.

या बाकीच्यांत श्वासाची वाट मिटणारे स्नायू अनेक, उघडणारा एकच: क्रायकोअ‍ॅरिटेनॉइडिअस डॉर्सालिस. सगळी मेख इथे आहे. तो लुळा पडला की श्वास ओढताना स्वरतंतू बाजूला होत नाहीत, उलट आत खेचले जातात. नस बिघडत गेली की हाच स्नायू आधी हार मानतो, असं घशाचे डॉक्टर फेलिक्स सेमन यांनी १८८१ मध्ये मांडलं.

आज शल्यचिकित्सक एका बाजूची, स्वरतंतूला जोडलेली कूर्चा टाक्याने बाहेर ओढून कायमची बांधतात. दोन्ही बाजू सहसा बांधत नाहीत, कारण मग अन्नपाणी फुप्फुसात उतरण्याचा धोका फार वाढतो. म्हाताऱ्या कुत्र्यांत हा आजार बहुधा गळ्यापुरता नसतो. लांब नसा आधी झिजतात, म्हणून अशा कुत्र्याची मागची पावलंही पाहावीत. ती फरफटत असतील तर नखं वरच्या बाजूने घासलेली दिसतात.