बाळंतपणात रक्त किती गेलं, हे मोजतं कोण?

बाळ बाहेर आलं की लेबर रूममधल्या सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं, रडलं का, वजन किती भरलं. त्याच वेळी बाईच्या अंगाखाली रक्त जात असतं आणि ते किती गेलं हे नर्स नजरेनंच ठरवते. नजर इथे हमखास फसते, कारण थोडं चादरीत मुरतं, थोडं पॅडमध्ये, थोडं गर्भजलात मिसळतं, आणि संथपणे वाहणारं रक्त तर कुणाला घाबरवतही नाही.

आता वेळेचा हिशोब बघा. दिवस भरत आले की गर्भाशयातून मिनिटाला 500 ते 700 मिली रक्त फिरत असतं. वार सुटली की गर्भाशय मुठीसारखं आवळलं जातं आणि उघड्या रक्तवाहिन्या त्यातच चिमटल्या जातात, रक्त थांबतं. पण ते ढिलं पडलं तर उपचाराविना बाई दोनेक तासांतही जाऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) अंदाजाप्रमाणे 2023 मध्ये जगात साधारण 2 लाख 60 हजार बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेल्या, त्यातल्या 10 पैकी 9 पेक्षा जास्त गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. दर लाख जिवंत जन्मांमागे 197 मृत्यू, आणि 2030 पर्यंत 70 च्या खाली आणायचं असं सगळ्या देशांनी मिळून ठरवलंय. मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण रक्तस्रावच.

या क्षेत्रात 1994 पासून ‘तीन उशीर’ अशी एक मांडणी वापरतात: दवाखान्यात जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, आणि पोचल्यावर नीट उपचार मिळायला उशीर. सरकारांना पहिले दोन आवडतात (ॲम्ब्युलन्सला हिरवा झेंडा दाखवता येतो ना!), आणि त्यावर काम झालंही. भारतात 2005 ला जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यातल्या डिलिव्हरी 39 टक्क्यांवरून 2019-21 पर्यंत जवळजवळ 89 टक्क्यांवर गेल्या, मातामृत्यूही बरेच कमी झाले. पण तिसरा उशीर दवाखान्याच्या आत असतो, आणि ‘संस्थात्मक प्रसूती किती’ या रकान्यात तो दिसतच नाही, बाई आत पोचली की टिकमार्क, पुढे काय झालं ते तिचं नशीब.

या उशिरावरचा एक उपाय म्हणजे चक्क प्लास्टिकची पिशवी. बाईच्या अंगाखाली सरकवायची, खाली निमुळती, त्यावर मिलीच्या खुणा, बास. असली पिशवी बेळगाव भागातल्या अभ्यासांत वापरली होती, आणि 2006 ला छापून आलेल्या तुलनेत नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा तब्बल 33 टक्के कमी निघाला. मग 2023 ला केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 दवाखान्यांमधल्या दोन लाखांवर बाळंतपणांचा ‘ई-मोटिव्ह’ अभ्यास आला. एकीकडे नेहमीची पद्धत, दुसरीकडे पिशवी आणि रेषा ओलांडली की लगेच सगळं एकदम: गर्भाशयाला मसाज, ते आवळायचं औषध, रक्त थांबायला मदत करणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड, सलाईन, तपासणी. एक करून बघू, नाही जमलं तर दुसरं, असं नाही. नेहमीच्या पद्धतीत जवळपास निम्म्याच केस वेळेत लक्षात आल्या, पिशवीवाल्या दवाखान्यांत 93 टक्के! आणि गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडायची वेळ किंवा त्यानं मृत्यू, हे सगळं मिळून 60 टक्क्यांनी कमी झालं.

यातलं एकही औषध तेव्हा नवीन नव्हतं, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

औषधाचंही एक दुखणं आहे. गर्भाशय आवळायला जे ऑक्सिटोसिन देतात त्याला 2 ते 8 अंशांचा थंडावा लागतो, वीज गेली, फ्रीज बंद, तर बाटली दिसते तशीच पण आतला दम गेलेला असतो आणि नर्सला ते कळायचा मार्ग नाही. उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन आहे, 2018 च्या 10 देशांतल्या चाचणीत ते रक्तस्राव टाळायला ऑक्सिटोसिनच्या तोडीचं ठरलं, पण खरेदीच्या यादीत आलं तरच ते दवाखान्याच्या कपाटापर्यंत पोचणार.

डब्ल्यूएचओच्या 2025 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत तर 500 मिली रक्त जायची वाटच बघायची नाही असं आहे, 300 मिलीलाच नाडी किंवा बीपी बिघडलेलं दिसलं तर उपचार सुरू. म्हणजे 300 ची रेष दिसायला हवी, आणि पिशवी एकदाच वापरायची असते, तेव्हा जितकी बाळंतपणं तितक्या पिशव्या स्टोअरमध्ये हव्यात, दर महिन्याला.