आयडल स्क्रू फिरवून ओम्नीचे झटके जात नाहीत

जुनी ओम्नी सिग्नलला उभी असताना आरपीएम (इंजिनाचा वेग) वरखाली करते, ॲक्सिलरेटर दाबला की अडखळते. यावर वर्षानुवर्षे एकच सल्ला मिळतो: ‘आयडल स्क्रू थोडा वाढवून घे.’ हा स्क्रू उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग ठरवतो. कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा यांत्रिकपणे मिसळणाऱ्या) गाडीला तो सल्ला ठीक होता. एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) ओम्नीत मात्र आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतलं इंजिन चालू ठेवणं, ईसीयू हा इंजिनाचा संगणक सांभाळतो. स्क्रू फिरवला की दोष झाकला जातो, जात नाही. वर पेट्रोल जास्त जळतं.

खरं कारण बहुतेकदा हवेत असतं. इंजिनाच्या हवेच्या मार्गाला जोडलेल्या रबरी व्हॅक्यूम पाइपला चीर पडली की जास्तीची हवा इंजिनात शिरते आणि आरपीएम चढतो. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) बंद असूनही तो चढलेला पाहून ईसीयू पेट्रोल तोडतो; आरपीएम पडला की पुन्हा सोडतो. हाच तो हेलकावा.

पुढची सीट उचला, इंजिन तिथेच आहे. ते गार असताना सुरू करा आणि रबरी पाइप एकेक करून हलकेच वाकवा. फिरत्या पट्ट्यापासून हात दूर ठेवा, कृपा करून. चीर बहुधा खालच्या बाजूला, क्लिपजवळ असते. वरून पाइप धडधाकट दिसतो. बोटाने दाबल्यावर इंजिनाचा आवाज बदलला, तर चोर सापडला.

मग थ्रॉटल बॉडीतला काळा थर साफ करून घ्या. गाडी फक्त चढावर दम टाकत असेल, तर आधी फिल्टर आणि पेट्रोलचं प्रेशर तपासा.