हेडन लेकची ती वीस एकर

अमेरिकेत 'आर्यन नेशन्स' नावाची गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना होती, तिचा म्होरक्या रिचर्ड बटलर. हा दुसऱ्या महायुद्धात बंगलोरला होता, विमानदुरुस्तीच्या कामावर. तिथे त्याने आपली जातिव्यवस्था पाहिली आणि ती त्याला आवडली! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पोटात कालवलं माझ्या. फुले-आंबेडकरांनी जे मोडायला जन्म घालवला ते बघून हा माणूस भारावला.

परत गेल्यावर कॅलिफोर्नियात लॉकहीड या विमान बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, आणि वेस्ली स्विफ्टच्या चर्चचा भक्त, जिथे गोरे हेच देवाचे खरे लाडके असं शिकवायचे. 1970 मध्ये स्विफ्ट गेला, मग काही वर्षांत बटलरने आयडाहो राज्याच्या उत्तर भागात हेडन लेकजवळ 20 एकर जागा घेतली, कारण त्या भागात जवळपास सगळी गोरीच वस्ती. तिथेच संघटनेचा तळ, चर्च, टेहळणीचा मनोरा, आणि गेटवर पाटी, फक्त गोऱ्यांसाठी.

तिथे येणाऱ्यांपैकीच रॉबर्ट मॅथ्यूज. त्याने 1983 मध्ये 'द ऑर्डर' काढली, बँका आणि पैशांच्या गाड्या लुटल्या, आणि 1984 च्या जूनमध्ये त्या टोळीने डेनव्हरला ॲलन बर्ग या ज्यू रेडिओ होस्टला त्याच्या घरासमोर गोळ्या घालून मारलं.

पण गावातले लोक गप्प बसले नव्हते हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एका ज्यू माणसाच्या हॉटेलवर स्वस्तिकं रंगवली गेली, त्यानंतर 1981 मध्ये तिथल्या लोकांनी मानवी हक्कांसाठी गट उभा केला. पुढे त्याचं काम बिल वासमुथ हे पाद्री बघायचे, तर 1986 मध्ये त्यांच्या घराला बॉम्ब लावला. ते घरातच होते, वाचले, आणि काम चालूच ठेवलं.

शेवटी सगळं फिरलं एका पाकिटावरून. 1998 च्या जुलैमध्ये एक आई आणि तिचा मुलगा गाडीतून पडलेलं पाकीट शोधायला त्या गेटजवळ थांबले, निघताना त्यांच्या जुन्या गाडीने फटकन आवाज केला, आतल्या पहारेकऱ्यांना वाटलं गोळी झाडली, मग त्यांनी पाठलाग केला, गोळीबार करून टायर फोडला, गाडी खड्ड्यात गेली. मायलेकांनी केस केली, वकील मॉरिस डीस, आणि सप्टेंबर 2000 मध्ये ज्युरीने 63 लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. बटलरचं दिवाळं निघालं, ती 20 एकर त्या मायलेकांकडेच गेली, त्यांनी ती ग्रेग कार या दानशूर उद्योजकाच्या फाउंडेशनला विकली. 2001 मध्ये तिथलं बांधकाम पाडलं, आणि जमीन नॉर्थ आयडाहो कॉलेजच्या फाउंडेशनला देऊन टाकली. बटलर 2004 मध्ये वारला, तोवर त्या जागेवर नुसतं गवत होतं.