साठ कोटी क्युसेक

पावसाळ्यात गोदाकाठी एकच विचारपूस चालते: नाथसागरातून किती सोडलं? लाखभर क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला लाखभर घनफुटांचा, विसर्ग म्हटला की पैठणच्या या धरणापासून खालची गावं मोटारी आणि स्टार्टर वर काढायला पळतात. गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावातही तेच. अशाच एका संध्याकाळी काकांनी मोबाइल पुढे केला. "का रे, समुद्रातली नदी बंद पडायलीय म्हणं? मग आपला पाऊस बी गेला का?"

व्हिडिओ भडक होता, प्रश्न मात्र रास्त होता.

अटलांटिकमध्ये दक्षिणेकडचं उबदार, खारट पाणी पृष्ठभागावरून उत्तरेला जातं. ग्रीनलंड-आइसलंडच्या आसपासचे गार वारे त्यातली ऊब काढून घेतात. पाणी जड होतं, बुडतं आणि खोलवरून परत दक्षिणेची वाट धरतं. काकांची 'समुद्रातली नदी' ती हीच. शास्त्रज्ञ या चक्राला थोडक्यात 'एमॉक' (इंग्रजी आद्याक्षरांवरून AMOC) म्हणतात. त्यातून सेकंदाला सुमारे १.७ कोटी घनमीटर पाणी वाहतं. आपल्या हिशेबात साठ कोटी क्युसेक! तुडुंब भरलेला नाथसागर, म्हणजे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट), या वेगाने तीन मिनिटांच्या आत कोरडा होईल. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्याच्या दहाव्या हिश्शाला पुरत नाहीत.

काकांना ग्लासातच दाखवलं. मिठाच्या पाण्यात शाईचा थेंब टाकून ते फ्रीजमध्ये गार केलं आणि साध्या पाण्याच्या ग्लासात कडेकडेने सोडलं. निळी रेघ सरळ तळाला गेली. मग उलट केलं: ग्लासात मिठाचं पाणी, वरून शाई घातलेलं साधं पाणी. ते वरच तरंगत राहिलं. ग्रीनलंडचं बर्फ वितळून गोडं पाणी समुद्रात उतरतं, तेव्हा हाच घोळ होतो. वरचं पाणी हलकं राहिलं तर बुडणार कसं? (काकूंनी तो ग्लास तीनदा घासला.)

हे चक्र मंदावता मंदावता एकदम ढासळूही शकतं, हे समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ मध्ये साध्या गणिताने दाखवलं. खरा वाद आहे तो 'कधी' आणि 'कितपत' याचा. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय मंडळाने, आयपीसीसीने, २०२१ मध्ये म्हटलं की या शतकात ते क्षीण होणार हे जवळपास नक्की, पण २१०० पूर्वी अचानक कोसळणार नाही असा मध्यम खात्रीचा अंदाज. २०२३ मध्ये कोपनहेगनच्या डिट्लेव्हसन बहीण-भावांनी १८७० पासूनच्या समुद्रतापमानावरून २०२५ ते २०९५ या काळात कोसळण्याचं भाकीत केलं. त्यावर टीकाही तितकीच झाली: जुन्या नोंदी विरळ आणि गणितातली गृहीतकं धाडसी. २०२४ मध्ये ४४ शास्त्रज्ञांनी नॉर्डिक देशांच्या मंत्र्यांना पत्र लिहून धोका कमी लेखला जातोय असं बजावलं. लगेच २०२५ मध्ये हवामानाच्या ३४ संगणकीय मॉडेलांच्या अभ्यासातून निघालं की अंटार्क्टिकाभोवतीचे वारे खोल पाणी वर ओढत राहतात, म्हणून चक्र खूप अशक्त झालं तरी या शतकात पूर्ण थांबणं अवघड. बातम्यांत मात्र एका आठवड्यात प्रलय, दुसऱ्या आठवड्यात 'सगळं खोटं'. त्यातच कुणी गल्फ स्ट्रीम, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने जाणारा उबदार प्रवाह, बंद पडणार असंही ठोकून देतं. तो प्रवाह मुख्यतः वाऱ्यावर चालतो, तो असा थांबत नाही.

आता पावसाचं. हे चक्र विषुववृत्त ओलांडून उष्णता उत्तरेला नेतं. ते थांबलं तर उत्तर गोलार्ध गार पडेल, पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकेल आणि मोसमी पाऊस अशक्त होईल. हे आधी घडून गेलंय. साधारण १२,९०० वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक गारठला, तेव्हा आपला मान्सूनही मंदावला. मेघालयातल्या मावम्लू गुहेतल्या चुनखडीच्या थरांत त्याच्या खुणा आहेत.

तरी मराठवाड्यातल्या प्रत्येक कोरड्या वर्षाचं खापर एमॉकवर फोडू नये. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आपण आधीच आहोत. २०१५ मध्ये आपला पाऊस बिघडला तो पॅसिफिकमधल्या जबर एल निनोच्या वर्षी, आणि पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं.

"मग हे मोजतात कसं?" काकांचा शेवटचा सवाल. बहामापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत, २६.५ अंश उत्तरेला, तळाशी नांगरलेल्या दोरखंडांवर उपकरणं लावलीत, सलग मोजणी २००४ पासून, असं सांगितलं. एवढ्याशा काळात मुळातली चढ-उतार कोणती आणि कायमची घसरण कोणती, हे वेगळं काढणं कठीण जातं.

"२००४?" काका म्हणाले. "तहसीलातली पावसाची वही याच्याहून जुनी निघंल की."