रॅम बसली, पण जुळली का?

तयार गेमिंग पीसी घेतला आणि वर्ष-दीड वर्षात नवे गेम अडखळायला लागले, की पहिला विचार रॅम वाढवण्याचाच येतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जायचं, रॅमची १६ जीबीची एक स्टिक आणायची आणि रिकाम्या स्लॉटमध्ये बसवायची. आतल्या स्टिकवर वेगाचा आकडा ३२०० छापलाय, नव्या स्टिकवरही ३२००. तरीही पडदा काळाच राहतो, किंवा मशीन चालू होतं पण खेळताना मध्येच निळा स्क्रीन येतो. अशा वेळी दोष दुकानदाराच्या मालात असेलच असं नाही. दोन्ही स्टिक एकेकट्या उत्तम चालतात, फक्त एकत्र चालत नाहीत.

याचं कारण वेगात आहे. डीडीआर५ या नव्या पिढीची ६००० वेगाची रॅम (आधीची पिढी डीडीआर४) प्रत्येक डेटा-तारेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट पाठवते. म्हणजे एका बिटच्या वाट्याला सुमारे १६७ पिकोसेकंद येतात. मदरबोर्डच्या तांब्याच्या रेषांमध्ये विद्युतसंकेत प्रकाशाच्या साधारण निम्म्या वेगानं धावतो. तेवढ्या वेळात तो जेमतेम अडीच सेंटीमीटर जातो, आणि प्रोसेसरपासून स्लॉटपर्यंतचं अंतर त्याहून जास्त असतं. पहिला बिट पोहोचायच्या आत दुसरा निघालेला असतो! त्यामुळे कोणत्या तारेवरचा संकेत नेमक्या कोणत्या क्षणी वाचायचा, हे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला आधीच ठाऊक असावं लागतं. मशीन सुरू होताना तो हे मोजून घेतो. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात.

प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची छोटी चिप असते. कुठला वेग, किती व्होल्ट, किती विलंब हे तिच्यात नोंदलेलं असतं. लेबलवरचा ३२०० हा आकडा पुष्कळदा एक्सएमपी या वाढीव वेगाच्या, वेगळ्या चालू कराव्या लागणाऱ्या प्रोफाइलचा असतो. ते चालू केलं नाही तर तीच स्टिक २१३३ किंवा २६६६वर धावते. दोन वेगळ्या स्टिक लावल्या, की बोर्ड दोघींना झेपेल असा वेग शोधतो. ढोल-ताशा पथकात एक नवखा वादक मागे पडला तर सगळ्या पथकाला लय उतरवावी लागते, तसंच. पण अनेक बोर्ड एक्सएमपी चालू केल्यावर एकाच स्टिकचं प्रोफाइल दोघींवर लादतात, आणि तिथे घोळ होतो.

विलंबाचा आकडाही नीट समजून घ्यावा. स्टिकवरचा सीएल हा विलंब घड्याळाच्या ठोक्यांत असतो, वेळेत नव्हे. ३२०० वेगाला सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ६००० वेगाला सीएल३० म्हणजेही १० नॅनोसेकंदच. मात्र तयार पीसीत बऱ्याचदा ३२००ला सीएल२२ची साधी स्टिक असते, म्हणजे पावणेचौदा नॅनोसेकंद. तिच्या शेजारी सीएल१६ची महागडी स्टिक लावून उपयोग नाही.

म्हणून खरेदीआधी आत काय आहे ते बघा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी: तिथे वेग आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅमच्या एसपीडी पानावर प्रत्येक स्टिकचा मॉडेल क्रमांक आणि रँक (म्हणजे चिपचे किती गट आहेत ते) मिळते. त्याच्या मेमरी पानावर १६०० दिसलं तर घाबरू नका, खरा वेग त्याच्या दुप्पट असतो. मग बोर्डाचा प्रकार. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालवतात, पण बोर्ड सहसा एकाच प्रकाराचा असतो. एएमडीच्या रायझनमध्ये एएम४ सॉकेट म्हणजे डीडीआर४ आणि एएम५ म्हणजे डीडीआर५च. दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला जाऊ नका, स्लॉट फुटेल.

तयार मशीनची खास अडचण बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये असते. काही कंपन्यांच्या बोर्डांत एक्सएमपीचा पर्यायच दिलेला नसतो. इंटेलच्या एच६१० चिपसेटवरही रॅम ठरावीक मर्यादेपलीकडे पळवता येत नाही. अशा मशीनला ६०००ची स्टिक घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. जुन्या बाजारात स्वस्त मिळणारी सर्व्हरची रजिस्टर्ड रॅमही नको. डीडीआर४मध्ये ती स्लॉटमध्ये बसते, पण साध्या डेस्कटॉपवर चालत नाही.

आमचं स्पष्ट मत: जुनीत भर घालण्यापेक्षा एकाच पाकिटातला दोन स्टिकचा संच घ्या आणि जुनी काढून ठेवा. त्याच मॉडेलची सुटी स्टिक आणली तरी कंपनीनं मधल्या काळात आतल्या चिप बदललेल्या असू शकतात. डीडीआर५मध्ये चार स्टिक लावायचा मोह तर टाळाच. रायझन ७०००साठी एएमडीची अधिकृत मर्यादा दोन स्टिकला ५२०० आहे, चारला फक्त ३६००. एकाच तारेवर दोन स्टिक लटकल्या की संकेताचे पडसाद उठतात आणि बिट धूसर होतात.

चार स्लॉट असतील तर दोन स्टिक सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. बोर्डावर छापलेलं ए२, बी२ बघून खात्री करा. पहिल्या-दुसऱ्या स्लॉटमध्ये शेजारीशेजारी लावल्यात तर दोन्ही सहसा एकाच चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर येतात, आणि ३२०० वेगाला सेकंदाला ५१.२ जीबीऐवजी २५.६ जीबीच वाट मिळते. ८ आणि १६ची जोडी चालते, पण दुहेरी वाट १६ जीबीपुरतीच. उरलेले ८ एकेरी वाटेवर.

बसवताना वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. पुण्याच्या कोरड्या थंडीत अंगावर स्थिर वीज सहज साठते, म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. स्टिक दोन्ही टोकांनी सारखी दाबा; अर्धवट बसलेली स्टिक हे काळ्या पडद्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा ट्रेनिंगला काही मिनिटं लागू शकतात. पडदा काळा दिसला म्हणून लगेच बंद करू नका. पंधरा मिनिटांनीही काही झालं नाही, तर वीज काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढा, म्हणजे बायोसमधली जुनी नोंद पुसली जाईल. मग एकच स्टिक ए२मध्ये लावून बघा.

मशीन सुरू झालं की काम संपलं असं समजू नका. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या चार फेऱ्या रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर ती जोडणी नापास. मोठ्या गेमची फाइल उघडताना वारंवार बिघडलेली निघणं हेही रॅमचंच लक्षण असू शकतं. आधी एक्सएमपी किंवा एक्स्पो (एएमडीचं तसंच प्रोफाइल) बंद करून पुन्हा तपासा. चुका थांबल्या तर प्रोफाइल पुन्हा चालू करून वेग एक पायरी खाली घ्या, ६००० असेल तर ५६००. प्रोफाइल बंद असूनही चुका थांबल्या नाहीत तर स्टिक एकेक करून त्याच स्लॉटमध्ये तपासा आणि नापास झालेली परत द्या. त्यासाठी ‘बोर्डाशी न जुळल्यास बदलून मिळेल’ हे खरेदीच्या वेळीच बिलावर लिहून घेतलेलं बरं.