उपग्रह इंटरनेट : नैतिक प्रश्न (नागपूर परिसर)

कृत्रिम उपग्रहांमार्फत मिळणारी इंटरनेट सेवा आणि ती न घेणाऱ्यांनाही सोसावे लागणारे तिचे परिणाम. भूस्थिर (पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने आकाशात एकाच जागी भासणाऱ्या) उपग्रहाद्वारे संदेशवहनाच्या कल्पनेचे श्रेय बहुधा विज्ञानलेखक आर्थर सी. क्लार्क यांच्या १९४५ मधील लेखाला देतात. अशा उपग्रहाची कक्षा अभियंते हर्मन पोटोच्निक यांनी आधीच मांडली होती. त्यांच्या ग्रंथावर १९२९ हे साल असले, तरी तो १९२८ च्या अखेरीस निघाला असे मानतात. कक्षेपुरते पोटोच्निक आणि जगभरच्या प्रक्षेपणापुरते क्लार्क, ही वाटणी अधिक सयुक्तिक दिसते. आजचा वाद मात्र या कक्षेचा नाही. तिच्या ३५,७८६ किमी. उंचीवरून उत्तर परत यायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. तो वाचवण्यासाठी उपग्रह सुमारे ५५० किमी.वर आणले गेले. तेथून एका उपग्रहाच्या टप्प्यात थोडाच भूभाग येतो, म्हणून ते हजारोंनी लागतात. स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट सेवेची ६० उपग्रहांची पहिली तुकडी मे २०१९ मध्ये सुटली.

नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा (कृत्रिम उजेडापासून रात्रीचे आकाश जपणाऱ्या क्षेत्राचा) दर्जा मिळाला, भारतातील हा पहिलाच. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी आदी गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवला. उपग्रहाला अशी टोपी घालता येत नाही. सूर्य मावळला तरी त्या उंचीवर ऊन असतेच. त्यामुळे तिन्हीसांज उलटल्यावर आणि पहाटे हे ठिपके सरकताना दिसतात. विषुववृत्ताशी ५३ अंश कललेल्या कक्षांतील दाटी त्याच अक्षांशाजवळ सर्वाधिक असते, म्हणून २१ अंशांवरील नागपूरला युरोपपेक्षा झळ कमी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने दुर्गम भागांतील इंटरनेटसाठी स्टारलिंकशी इरादापत्र केले. त्यात गडचिरोलीही आहे. तिथल्या जंगलात केबल ओढणे किती जिकिरीचे, हे नागपुरात बसून विसरणे सोपे.

२ एप्रिल २०२२ च्या, म्हणजे गुढीपाडव्याच्या, संध्याकाळी विदर्भाच्या आकाशात जळते पट्टे दिसले. आधी उल्का, मग उपग्रह अशी अनुमाने झाली. चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा टप्पा हे मत ग्राह्य वाटते. चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी (ता. सिंदेवाही) येथे सुमारे ३ मी. व्यासाचे धातूचे कडे पडले. इंटरनेटशी त्याचा संबंध नव्हता. अवकाशातून पडलेल्या वस्तूंमुळे होणाऱ्या नुकसानीच्या भरपाईसाठी १९७२ चा आंतरराष्ट्रीय दायित्व करार आहे. पण त्यातील नुकसान म्हणजे जीवित, आरोग्य व मालमत्ता; वातावरणाचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. सुमारे पाच वर्षे चालून वातावरणात जळणाऱ्या २५० किग्रॅ. उपग्रहातून अंदाजे ३० किग्रॅ. ॲल्युमिनियम ऑक्साइड तयार होते. ओझोन थरावरील त्याच्या परिणामाचा अभ्यास चालू आहे.